राज्याची वाणी आणि पक्षाचा अभिमान

गांवांत दवंडी पिटली जात असे, त्या काळीं ऐकणारा मनुष्य दवंडी पिटणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत नसे; तो शब्दांकडे लक्ष देई. नदीला पूर येत आहे, सारा अमुक दिवशीं भरावयाचा आहे, पटकीची सांथ असल्यामुळें पाणी उकळून प्यावें, असें कांहीं कानांवर पडलें म्हणजे घरोघरीं त्याप्रमाणें हालचाल सुरू होई. पाटील फार निःपक्षपाती असत असें नव्हे. परंतु दवंडी पाटलाची नसून गांवाची, एवढी समजूत मात्र पक्की असे. आतां अशी कल्पना करा कीं, एके दिवशीं तोच मनुष्य हलगी वाजवून ‘पाणी चढत आहे’ एवढें सांगून थांबला नाहीं, तर हें संकट पाटलांच्या भाऊबंदांनीं आणलें असेंहि ओरडून सांगूं लागला. त्या दिवसापासून अर्धा गांव दवंडीकडे कानाडोळा करील, आणि पुढच्या पुरांत त्या अर्ध्या गांवाचा संसार वाहून जाईल. सरकारी खात्यांच्या वाणींत पक्षाचा सूर मिसळूं नये, हा जो नियम सर्व सुधारलेल्या राज्यांनीं निदान कागदावर तरी मान्य केला आहे, त्याचें बरेंचसें मर्म या साध्या कल्पनेंत सांठविलेलें आहे.

तथापि तत्त्व साधें असलें म्हणजे त्याचें आचरण सोपें असतेंच असें नाहीं. लोकशाहींत सरकार चालवितो तो कोणता ना कोणता पक्षच असतो. निवडणुकींत ज्यानें वचनें दिलीं त्यालाच त्या वचनांप्रमाणें कारभार करावयाचा असतो, व केलेला कारभार जनतेस सांगावयाचाहि असतो. मग सरकारची माहिती कोठें संपते आणि पक्षाची जाहिरात कोठें सुरू होते? आणि ती सीमा ओलांडली तर बिघडलें काय? मतदारांनींच ज्याच्या हातीं सत्ता दिली त्यानें सत्तेच्या ध्वनिक्षेपकावरून चार शब्द स्वतःच्या गौरवाचे उच्चारले, तर त्यांत नीतीचा प्रश्न येतो कोठें? हे प्रश्न केवळ कायदेपंडितांचे नाहींत. ज्याच्या दारीं सरकारी पत्र येतें, ज्याच्या हातांतील फोनवर सरकारी संदेश येऊन पडतो, त्या प्रत्येक नागरिकाचे ते आहेत; म्हणून त्यांचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

विचाराला आधार म्हणून अलीकडची एक घटना घेऊं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत खर्चाच्या मंजुरीवरून सेनेटमध्यें पेंच पडला, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून मध्यवर्ती सरकारचें पुष्कळसें काम ४३ दिवस बंद राहिलें. अशा वेळीं ज्या नोकरांना सक्तीनें घरीं बसावें लागतें, ते आपल्या ई-मेलवर एक ठराविक उत्तर ठेवून जातात : मी सध्यां कामावर नाहीं, काम सुरू झाल्यावर आपल्या पत्राचा विचार करीन. शिक्षण खात्यांतील नोकरांनींहि असेंच तटस्थ उत्तर ठेविलें होतें. परंतु त्यांच्या गैरहजेरींत, त्यांना न विचारतां, खात्यानें तें बदललें, आणि डेमोक्रॅट पक्षाच्या सेनेटरांनीं अडवणूक चालविल्यामुळें काम बंद आहे, अशा आशयाचा मजकूर तेथें घातला. मजकूर प्रथमपुरुषी होता. म्हणजे पत्र लिहिणाऱ्यास असें वाटावें कीं, हा आरोप तो नोकर स्वतःच करीत आहे. त्याच सुमारास गृहनिर्माण खात्याच्या संकेतस्थळावर, डाव्या जहालांनीं सरकार बंद पाडलें, असा फलक झळकला. आणि विमानतळांवरील तपासणीच्या जागीं दाखविण्यासाठीं मंत्रिणबाईंची त्याच धर्तीची एक चित्रफीत पाठविण्यांत आली. कित्येक विमानतळांच्या चालकांनीं ती दाखविण्याचें साफ नाकारलें. शिक्षण खात्याच्या नोकरांची संघटना न्यायालयांत गेली, आणि वॉशिंग्टन येथील न्यायाधीश ख्रिस्टोफर कूपर यांनीं ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं, सरकारनें नोकरांच्या तोंडीं असा पक्षीय मजकूर घालणें हें त्यांच्या भाषणस्वातंत्र्याचें उल्लंघन आहे, असा निकाल दिला.

या घटनेंत अन्याय कोणावर झाला, हें नीट उकलून पाहिलें पाहिजे; कारण अन्याय एक नसून तीन आहेत, व ते तिघां निरनिराळ्या लोकांवर झालेले आहेत.

पहिला अन्याय त्या नोकरावर. नोकर आपले श्रम विकतो, आपलें ज्ञान विकतो, ठराविक तासांपुरती आपली आज्ञाधारकताहि विकतो. परंतु आपली जीभ विकत नाहीं. वरिष्ठानें सांगितलेलें पत्र त्यानें लिहावें, न पटणाऱ्या धोरणाची अंमलबजावणी त्यानें प्रामाणिकपणें करावी, हें रास्तच आहे. पण जें मत त्याचें नाहीं तें त्याच्या नांवानें, त्याच्या मागें, त्याच्या ओळखीच्या माणसांना कळविणें म्हणजे त्याला खोटी साक्ष देण्यास लावण्यासारखें आहे. गुलामालाहि मनांतल्या मनांत आपलें मत राखतां येतें. येथें मात्र मतावरच दुसऱ्याची मुद्रा उमटविली गेली.

दुसरा अन्याय कर देणारावर. सरकारी तिजोरींतील पैसा विजयी पक्षाच्या मतदारांकडून आला तितकाच पराभूत पक्षाच्या मतदारांकडूनहि आला आहे. व्हर्जिनिया प्रांतानें १७८६ सालीं धर्मस्वातंत्र्याचा जो कायदा केला, तो थॉमस जेफर्सन यानें लिहिला होता. जें मत मनुष्याला मान्य नाहीं त्याच्या प्रसारासाठीं त्याच्याकडून सक्तीनें पैसा घेणें हें पाप आणि जुलूम आहे, असा विचार त्यांत मांडलेला आहे. धर्ममताविषयीं जें खरें तें राज्यकारणांतील मताविषयीं कां खरें असूं नये? माझ्याच खिशांतील नाण्यानें माझ्याच विचारांची निंदा विकत घेतली जावी, यापरता उपहास दुसरा कोणता?

तिसरा अन्याय पत्र लिहिणारावर, म्हणजे सामान्य नागरिकावर. त्याला मुलाच्या शिष्यवृत्तीची चौकशी करावयाची होती; उत्तरादाखल त्याच्या हातीं प्रचारपत्रक पडलें. तो त्या पक्षाचा अनुयायी असेल तर त्याला सुखद वाटेल, विरोधक असेल तर तो चिडेल; परंतु दोघांच्याहि मनांत एक गोष्ट रुजेल : हें खातें सर्वांचें नाहीं. आणि एकदां हें रुजलें कीं, त्या खात्याच्या पुढील प्रत्येक शब्दाकडे तो संशयानें पाहूं लागेल, मग तो शब्द कितीहि खरा असो.

अमेरिकेला हा धडा नवा नाहीं. तेथें एके काळीं सरकारी नोकऱ्या ही निवडणुकींतील लूट समजली जाई. पक्ष जिंकला कीं जुने नोकर जात व नवे येत. १८८१ सालीं नोकरी न मिळाल्यानें निराश झालेल्या एका इसमानें अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली, व त्यांचा अंत झाला. त्या धक्क्यानंतर १८८३ मध्यें पेंडल्टन कायदा होऊन नोकऱ्या गुणावर देण्यास आरंभ झाला. पुढें मंदीच्या काळांत बेकारांना काम देणाऱ्या सरकारी योजनेचा उपयोग १९३८ च्या निवडणुकींत मतें मिळविण्यासाठीं केल्याचे आरोप झाले, आणि १९३९ सालीं सेनेटर हॅच यांच्या नांवानें ओळखला जाणारा कायदा आला. सरकारी नोकरानें अधिकाराच्या बळावर पक्षकार्य करूं नये, हें त्याचें सूत्र. १९५१ पासून वार्षिक खर्चाच्या कायद्यांत, काँग्रेसनें मंजूर न केलेल्या प्रसिद्धीसाठीं अगर प्रचारासाठीं सरकारी पैसा वापरूं नये, असें कलम घालण्याचीहि प्रथा पडली. इंग्लंडांत १९८६ च्या कायद्यानें स्थानिक संस्थांना असा मजकूर छापण्याची बंदी केली कीं, जो एखाद्या पक्षाविषयींचें लोकमत फिरविण्यासाठींच रचलेला दिसतो. सारांश, नियमांचा तुटवडा कोठेंच नाहीं. नियम असूनहि मोह आवरत नाहीं, हीच खरी अडचण.

आपल्याकडे पाहूं गेल्यास इतिहास कमी बोलका नाहीं. १२ जून १९७५ रोजीं अलाहाबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति जगमोहनलाल सिन्हा यांनीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांची १९७१ ची रायबरेलीची निवड रद्द ठरविली. त्यास दोन कारणें होतीं. सरकारी सेवेंत असलेल्या यशपाल कपूर यांची निवडणुकीच्या कामीं घेतलेली मदत, हें एक; आणि उत्तर प्रदेशच्या सरकारी अधिकाऱ्यांकडून सभांसाठीं व्यासपीठें उभारून घेऊन ध्वनिक्षेपकाची व विजेची व्यवस्था करविली, हें दुसरें. अनेकांनीं तेव्हां नाक मुरडलें : एवढ्याशा लांकडी व्यासपीठासाठीं पंतप्रधानाचें पद घालवावयाचें काय? पुढें निवडणुकीचा कायदाच पूर्वलक्षी प्रभावानें बदलण्यांत आला, व नोव्हेंबर १९७५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या बदललेल्या कायद्यान्वयें तो निकाल फिरविला. परंतु ध्वनिक्षेपक कोणाचा, हा त्या खटल्यांतील प्रश्न क्षुल्लक नव्हता, हें मधल्या काळानेंच सिद्ध केलें. आणीबाणींत सभेचा ध्वनिक्षेपकच नव्हे तर सारी आकाशवाणी व दूरदर्शन सत्ताधाऱ्यांच्या कंठांत जाऊन बसलीं, आणि लोक आकाशवाणीच्या इंग्रजी नांवांत इंदिराबाईंचें नांव गुंफून थट्टा करूं लागले. १९७७ सालीं नव्या सरकारनें या दुरुपयोगावर श्वेतपत्रिका काढली. पण प्रसारणाला स्वायत्तता देणारा प्रसार भारतीचा कायदा व्हावयास १९९० साल उजाडलें, आणि तो अमलांत यावयास १९९७. ज्या पक्षांनीं विरोधांत असतांना स्वायत्ततेसाठीं आकांत केला, त्यांना सत्तेवर आल्यावर घाई वाटली नाहीं, एवढाच याचा अर्थ.

निवडणुकीच्या काळापुरता आपल्याकडे आचारसंहितेचा बांध आहे. १९६० सालीं केरळांत तिचा उगम झाला, आणि १९७९ सालीं तींत सत्ताधारी पक्षासाठीं स्वतंत्र प्रकरण आलें. सरकारी पैशानें वर्तमानपत्रांत जाहिराती देऊं नयेत, व सरकारी प्रसारमाध्यमांतून पक्षाच्या कर्तबगारीचा डांगोरा पिटूं नये, असें तें सांगतें. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागल्यावरहि ‘विकसित भारत’ या नांवाचे, पंतप्रधानांचें पत्र जोडलेले संदेश लोकांच्या व्हॉट्सॲपवर येत राहिले. तेव्हां निवडणूक आयोगानें २१ मार्च रोजीं ते त्वरित थांबविण्यास संबंधित मंत्रालयास फर्माविलें. संदेश आधींच धाडलेले होते, यंत्रणेच्या मर्यादांमुळें ते उशिरां पोंचले, असा मंत्रालयाचा खुलासा होता. खुलासा मान्य केला तरी एक प्रश्न उरतोच : आचारसंहितेच्या आदल्या दिवशीं जो संदेश निर्दोष होता तो दुसऱ्या दिवशीं सदोष कसा झाला? दोष तारखेंत असतो कीं मजकुरांत?

याच प्रश्नाचें दुसरें रूप लसीच्या प्रमाणपत्रावरील छायाचित्रानें पुढें आणलें. करोनाच्या सांथींत दिलेल्या प्रमाणपत्रांवर पंतप्रधानांचें छायाचित्र असे. केरळांतील एका नागरिकानें, आपण पैसे भरून लस घेतली असतां हें छायाचित्र कशासाठीं, म्हणून फिर्याद केली. पंतप्रधान हे पक्षाचे नसून राष्ट्राचे, जनतेनें निवडलेले, असें म्हणून उच्च न्यायालयानें डिसेंबर २०२१ मध्यें ती फेटाळली, व फिर्यादीस दंडहि केला. परंतु निवडणूक आयोगाच्या सूचनेवरून निवडणूक असलेल्या प्रांतांत तेंच छायाचित्र काढून टाकावें लागे. छायाचित्र जर राष्ट्राचें, तर निवडणुकीनें त्याला बाध कां यावा? आणि निवडणुकींत तें एका पक्षास उपकारक होत असेल, तर इतर दिवशीं त्याचा तो गुण जातो कोठें? समतेची विशेष काळजी निवडणुकीच्या पंधरवड्यांत घ्यावी, हें समजण्यासारखें आहे. पण लोकांचीं मतें कांहीं त्या पंधरवड्यांत बनत नाहींत. तीं पांच वर्षें हळूहळू मुरत असतात.

हें ओळखूनच सर्वोच्च न्यायालयानें ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या अर्जावर १३ मे २०१५ रोजीं सरकारी जाहिरातींविषयीं मार्गदर्शक नियम घालून दिले. प्रा. माधव मेनन यांच्या समितीनें तयार केलेल्या त्या नियमांत जाहिरात सरकारच्या कर्तव्याशीं निगडित असावी, वस्तुनिष्ठ असावी, सत्ताधारी पक्षाचें हित साधणारी नसावी, खर्चाच्या मानानें उपयुक्त असावी, असें सांगितलेलें आहे. पक्षाचें नांव, चिन्ह, ध्वज, विरोधकांवर टीका, सारें वर्ज्य. छायाचित्रें केवळ राष्ट्रपति, पंतप्रधान व सरन्यायाधीश यांचींच असावींत, असेंहि न्यायालयानें ठरविलें. यावर प्रांतिक सरकारांनीं तक्रार केली : पंतप्रधानांचें चालतें, तर मुख्यमंत्र्यांचें कां नाहीं? १८ मार्च २०१६ रोजीं न्यायालयानें राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांच्या छायाचित्रांसहि मोकळीक दिली. तर्कदृष्ट्या तक्रार खरी होती. एकाला दार उघडल्यावर दुसऱ्याला बाहेर ठेवतां येत नाहीं. परंतु समता दोन मार्गांनीं साधतां येते : सर्वांनीं गप्प बसून, अथवा सर्वांनीं ओरडून. आपण दुसरा मार्ग पत्करला, आणि त्याचें फळ रस्त्यांतील प्रत्येक थांब्यावर टांगलेलें दिसतें. त्याच नियमांचा भंग केल्याबद्दल २०१७ मध्यें दिल्लीच्या नायब राज्यपालांनीं जाहिरातींचे सुमारें ९७ कोटि रुपये आम आदमी पक्षाकडून वसूल करण्याचा आदेश दिला. काँग्रेस, भारतीय जनता पक्ष, आम आदमी पक्ष, अमेरिकेंतील रिपब्लिकन. नांवें कोणतींहि घ्या, मोह एकच आहे. म्हणून हा कोणा एका पक्षाचा दुर्गुण नसून सत्तेचा स्वभाव आहे, असें मानूनच पुढें विचार केला पाहिजे.

आतां विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा पाहूं. कोणी म्हणेल, शुद्ध तटस्थता ही कविकल्पना आहे. धरण बांधलें असें सांगितलें तरी बांधणाराची कीर्ति होणारच. धान्य स्वस्त झालें ही बातमी कितीहि कोरड्या भाषेंत द्या, तिचा लाभ सत्ताधाऱ्यास मिळणारच. मग उगाच सोंवळें कशाला? या आक्षेपांत तथ्य आहे, व तें नाकारण्याचें कारण नाहीं. चांगल्या कामाची माहिती ही आपोआपच चांगल्याची स्तुति असते, आणि ती स्तुति सत्ताधाऱ्याची न्याय्य कमाई आहे. पण कमाई आणि चोरी यांत जो भेद आहे तो येथेंहि आहे. धरणाचें पाणी कोणत्या गांवांना, कोणत्या तारखेपासून, कोणत्या दरानें मिळेल, हें सांगितल्यावर शेतकऱ्याच्या मनांत जी कृतज्ञता उत्पन्न होईल ती कमाई. पाण्याची तारीख बारीक अक्षरांत आणि पुढाऱ्याचें मुखमंडल हातभर, अशा फलकानें जी उत्पन्न करावयाची ती चोरी.

हा भेद ओळखण्यास तीन साध्या कसोट्या पुरेशा आहेत. पहिली कसोटी अदलाबदलीची : उद्यां दुसरा पक्ष सत्तेवर आला, तर हाच मजकूर, कामाचा तपशील तेवढा बदलून, त्याला जसाच्या तसा काढतां येईल काय? येत असेल तर तो राज्याचा. नसेल तर पक्षाचा. दुसरी उपयोगाची : हें वाचून नागरिकाला कांहीं करतां येतें काय, कांहीं मिळवितां येतें काय, कोठें दाद मागावी हें कळतें काय? कीं केवळ कोणाचे आभार मानावे एवढेंच कळतें? तिसरी निंदेची : मजकुरांत प्रतिपक्षाचा उल्लेख आहे काय? सरकारी पत्रकांत विरोधकाचा उल्लेख करण्यास एकहि सबळ कारण आमच्या ध्यानांत येत नाहीं. मंत्र्याला विरोधकांचा समाचार घ्यावयाचा असेल तर त्याला विधिमंडळ मोकळें आहे, सभेचें मैदान मोकळें आहे, पक्षाचें मुखपत्र मोकळें आहे. तेथें त्याला उत्तर देणारा समोर असतो. सरकारी पत्रकाला उत्तर देण्यासाठीं विरोधकाजवळ दुसरें सरकारी पत्रक नसतें.

येथें एका गैरसमजापासून सावध राहिलें पाहिजे. तटस्थता म्हणजे सत्याविषयीं उदासीनता नव्हे. एखाद्या पक्षानें उद्यां लस निरुपयोगी आहे असें म्हणावयास आरंभ केला, तर लस उपयोगी आहे हें सांगणारें आरोग्य खातें पक्षपाती ठरत नाहीं. सत्याच्या बाजूस योगायोगानें एखादा पक्ष उभा असला म्हणून सत्य पक्षीय होत नाहीं. खात्यानें निष्ठा पक्षाशीं ठेवूं नये, वस्तुस्थितीशीं ठेवावी, एवढाच या नियमाचा अर्थ. आणि त्याची दुसरी बाजू अशी कीं, गोड तें ओरडून सांगणें हा जसा पक्षपात, तसा कडू तें दडपणें हाहि पक्षपातच. २०१७–१८ सालच्या पाहणींत देशांतील बेकारीचें प्रमाण ६.१ टक्के निघालें. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या मान्यतेनंतरहि तो अहवाल प्रसिद्ध होईना, म्हणून आयोगाच्या कार्यकारी अध्यक्षांसह दोघा सभासदांनीं जानेवारी २०१९ मध्यें राजीनामे दिले. अहवाल अद्याप अंतिम नाहीं, असें सरकारतर्फे सांगण्यांत येत होतें. निवडणूक आटोपल्यावर ३१ मे रोजीं तो प्रसिद्ध झाला, व आंकडा तोच होता. सरकारी मौनालाहि पक्ष असूं शकतो तो असा.

या साऱ्या विवेचनाच्या मुळाशीं जी गोष्ट आहे ती विश्वास. विश्वास हें राज्याचें भांडवल आहे. तें कोणा एका मंत्रिमंडळानें जमविलेलें नसतें. वादळाची सूचना वेळेवर देणारा वेधशाळेंतील अधिकारी, सांथींत दारोदार फिरणारी परिचारिका, निकालपत्रकांत खाडाखोड न करणारा कारकून, अशा असंख्य निनांवी माणसांनीं पिढ्यान्‌पिढ्या थेंबथेंब सांठविलेलें तें असतें. सत्ताधारी पक्ष सरकारी वाणीनें स्वतःचा गौरव करतो तेव्हां तो या सांठ्यांतून उचल करतो. आणि ती फेडण्याचा त्याचा विचार नसतो. उद्यां किनाऱ्यावर वादळ येईल, तेव्हां ‘घर सोडा’ हा संदेश त्याच यंत्रावर, त्याच मुद्रेनें येईल. तो वाचून कोळ्यानें होडी ओढून घ्यावी कीं ‘यांचें नेहमींचेंच’ म्हणून फोन बाजूला ठेवावा, हें आजच्या संदेशांवर अवलंबून आहे. ज्यानें उचल केली तो तेव्हां कदाचित् सत्तेवर नसेल; व्याज मात्र त्या कोळ्याला भरावें लागेल.

हा विचार पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला आहे, असें कोणी समजूं नये. आपल्या देशांत राजाची वाणी दगडावर कोरून प्रजेपुढें ठेवण्याचा उद्योग अशोकानें केला; मुंबईजवळच्या सोपाऱ्यासहि त्याच्या लेखांचे तुकडे सांपडले आहेत. बाराव्या लेखांत त्यानें वाणीचा संयम सांगितला आहे. आपल्या पंथाची अवाजवी स्तुति करूं नये, दुसऱ्याच्या पंथाची अकारण निंदा करूं नये. जो तसें करतो तो आपल्याच पंथाचें नुकसान करतो, असा त्याचा आशय आहे. लक्षांत घेण्याची गोष्ट ही कीं, अशोक स्वतः बौद्धमताचा निष्ठावंत उपासक होता, आणि छिनी त्याच्या हातांत होती. त्याला पाहिजे तें कोरतां आलें असतें. तरीहि राज्याच्या दगडावर त्यानें स्वपंथाचा जयजयकार न कोरतां संयमाचा उपदेश कोरला. पंथाच्या जागीं पक्ष हा शब्द घातला, तर आजच्या प्रत्येक माहितीखात्याच्या भिंतीवर तो लेख लावण्याजोगा आहे.

मग या नियमाचें रक्षण कोणीं करावें? न्यायालयें करतात, पण खटला उभा राहून निकाल लागेपर्यंत फलक जुने होऊन फाटलेले असतात. देखरेखीच्या समित्या असतात. परंतु ज्याच्यावर देखरेख ठेवावयाची त्याच्याच हातीं त्यांची नेमणूक असली म्हणजे त्यांचा धाक किती राहणार, हें सांगावयास नको. सरकारी नोकरानें पक्षापासून अलिप्त असावें, असें केंद्रीय नोकरांचे १९६४ चे वर्तणुकीचे नियम सांगतात. पण नियमाचा आधार घेऊन वरिष्ठाला ‘हें माझें काम नव्हे’ म्हणण्याचें धैर्य नियमांत लिहून देतां येत नाहीं. ती चित्रफीत दाखविण्यास नकार देणाऱ्या विमानतळांच्या चालकांचें महत्त्व म्हणूनच वाटतें.

शेवटीं प्रश्न आपल्यापाशीं येऊन थांबतो. विरोधी पक्षाच्या सरकारनें जाहिरातींवर पैसा उधळला कीं आपण खवळतों, आणि आपल्या आवडत्या पक्षाच्या सरकारनें तेंच केलें कीं ‘काम करतात म्हणून सांगतात’ असें म्हणतों. आपला संताप जोंवर पक्ष पाहून उठतो वा बसतो, तोंवर कोणत्याहि सत्ताधाऱ्यास हा मोह आवरण्याचें प्रयोजन नाहीं. त्याला ठाऊक असतें कीं, अर्धे लोक त्याला क्षमा करतील, आणि उरलेल्या अर्ध्यांचीं मतें त्याला मिळणार नव्हतींच. म्हणून या तत्त्वाची खरी परीक्षा न्यायालयांत नाहीं, घरांत आहे. आपल्या पक्षाची सरकारी वाणींतून झालेली स्तुति ऐकून ज्याला संकोच वाटेल, आणि तो संकोच जो आपल्याच पक्षाच्या मित्रांपुढें बोलून दाखवील, असा नागरिक ज्या समाजांत पुरेशा संख्येनें असेल, तेथें दवंडी गांवाची राहील.